वाकडा सात

सदर बझारात सैनिकी वसतिगृहामागं एक खोली आहे.
पोत्यांवर अकरा रायफली आडव्या,
माझ्यापुढं वही:
क्रमांक, भाग, मूळ, बदललेला, शेरा.
दिवाळीपर्यंत संग्रहालय करायचं म्हणतात.
सोमवारी कराडचा बफिंगवाला येणार, सगळ्या आरशासारख्या करून देतो म्हणाला.
मी बी.ए. इतिहास. मला यातलं काय कळतंय?
म्हणून लिंबहून फडतरे नानांना बोलावलं,
जुने आर्मरर, ऐंशी उलटलेले.

चहा नको म्हणाले. आधी हात धुतले,
मग धोतराच्या सोग्यानं चष्मा.
पहिली रायफल उचलली ती पोटाखाली हात घालून,
नवं वासरू उचलावं तशी.

“नळी बगू नगंस. समदे नळीच बगत्यात.
स्क्रूची डोकी बग.
खाच फाटल्याली दिसली की समज,
हितं कुणाचा तरी घाईचा हात पडलाय.”

मग नंबर. बोल्टच्या दांड्यावर, कड्यावर,
साइटच्या पत्तीखाली, पुढच्या टोपीवर.
“चार भावंडं. आडनाव एक पायजे.
ह्या दुसरीत बोल्ट सावत्र हाय. लिही.”
मी लिहिलं: बोल्ट, बदललेला.

तिसरीचा दस्ता हुंगला.
“अक्रोड. जवसाचं त्याल प्यालेला.
फुडचं लाकूड मातर कालचं,
लग्नातल्या पाटावानी पॉलिश फासलंय.”
चौथीला तांब्याच्या तारेचे वेढे.
मला वाटलं, नक्षी.
“नक्षी कसली! हिच्या तोंडातनं बाँब फेकायचे.
नळी फाटली तर पोराचं तोंड ऱ्हावं, म्हनून.”
पाचवीच्या छातीला आरपार भोक:
कवायतीची. पुन्हा कधी बोलायची नाही.

सातवीवर नाना हसले, एकटेच.
मुकुटाखालचं एक अक्षर उलटं कोरलेलं.
“डोंगरातल्या कुना लोहाराची. वाचता येत न्हवतं गड्याला.
पन हात बग, हात!
समदी नकली, आन् एक बी भाग बदलल्याला न्हाई.”
मग कुठल्या रकान्यात लिहू, नाना?
“त्ये तुमी शिकल्याली मान्सं ठरवा.”

नववी.
नववीवर त्यांचा अंगठा थांबला.
जुना नंबर आडवी रेघ मारून खोडलेला,
शेजारी नवा ठोकलेला, पाच आकडी.
शेवटचा सात कलंडलेला,
वाऱ्यात सापडलेल्या जोंधळ्याच्या ताटागत.

पंखा फिरत होता. बाहेर वसतिगृहातली पोरं
बादल्यांवरून भांडत होती.

“ह्यो माजा.”

मी पेन धरून बसले.

“पासष्टला. पठानकोटच्या अलीकडं, तंबूत.
तीन आल्या हुत्या, मोडून.
एकीचा दस्ता बरा, एकीची नळी बरी,
एकीचा बोल्ट.
सांजच्याला एक उभी करून दिली.
तिघींचे तीन नंबर. तीन नंबरांवर तीन पोरं,
वहीत सह्या हुत्या त्यांच्या, रायफल मिळाली म्हनून.
मारायचा मातर एकच.”

हात का हलला, ते मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितलं नाही.
एवढंच म्हणाले, ठोकताना ठसा निसटला,
सायबानं पाह्यलं, काही बोलला न्हाई,
आन् ती रातीच गेली ट्रकात.

वही तशीच उघडी. मूळ. बदललेला.
मी दोन्हींवर पेन टेकवून पाहिलं.
नानांनी कोनाड्यातली तेलाची बाटली मागून घेतली,
फडक्याचा कोपरा भिजवला
आणि त्या आकड्याला सोडून
बाकी सगळं लोखंड पुसलं.

दहावी-अकरावी राहिल्या.
पावणेपाचची लिंब गाडी चुकली तर पुढची सातला,
आणि रात्री त्यांना दिसत नाही.
त्यांना स्टँडवर सोडून परत आले,
दिवा लावला,
आणि नववीच्या शेऱ्यात बफिंगवाल्यासाठी
मोठ्या अक्षरात लिहिलं:

सात वाकडा आहे.
हात लावू नये.